दाखल मुलांसाठी शिरेतली नळी: निवड कशी करावी

रुग्णालयात दाखल झालेल्या मुलाच्या शिरेत घालायच्या नळ्या अनेक प्रकारच्या असतात. वॉर्डात जिला इंट्राकॅथ, व्हेनफ्लॉन किंवा नुसती 'सुई' म्हणतात ती हातावरची छोटी कॅन्युला सर्वांच्या ओळखीची. तिच्याहून लांब कॅन्युला, काखेच्या जवळपास टोक असणारी मिडलाइन, दंडातून हृदयाजवळ पोचणारी पिक लाइन, मानेतून किंवा जांघेतून घातलेली सेंट्रल लाइन, त्वचेखालून बोगदा काढून नेलेली हिकमन नळी आणि त्वचेखाली बसवलेला केमोपोर्ट हे पुढचे प्रकार. नवजात बाळांसाठी नाळेतून घालायची नळी आणि आणीबाणीत हाडात बसवायची सुई यांचीही त्यात भर पडते. यांपैकी कोणती वापरायची हे तीन गोष्टींवर ठरते: शिरेतून काय द्यायचे आहे, किती दिवस द्यायचे आहे आणि मुलाच्या शिरा कशा आहेत.

प्रत्यक्षात पुष्कळदा निर्णय होतो तो ट्रॉलीवर त्या वेळी काय आहे यावरून. तीन आठवडे औषध लागणार हे पहिल्या दिवशी ठाऊक असलेल्या मुलालाही आधी उजव्या हातावर, मग डाव्या, मग पायांवर अशा एकामागून एक छोट्या कॅन्युला लावल्या जातात. सगळ्या शिरा संपल्या की मग पिक लाइनचा विषय निघतो आणि तोवर पिक लाइनसाठी लागणारी कोपराची आणि दंडाची शीरही सुजून कडक झालेली असते. मुलाच्या वापरता येण्याजोग्या शिरा मोजक्याच असतात. त्यांतली कोणती आज वापरायची आणि कोणती राखून ठेवायची हा निर्णय दाखल होतानाच घ्यायचा असतो.

नळी मुळात लागते का?

पहिला प्रश्न हाच. जुलाबामुळे पाणी कमी झालेले पण शुद्धीवर असलेले मूल ओआरएस पिऊ शकत असेल, तर त्याला सलाईनची गरज नसते. पीत नसेल तर नाकातून जठरात घातलेल्या नळीने तेच ओआरएस देता येते. 'सलाईन लावल्यावर लवकर बरे वाटेल' हा समज घराघरांत पक्का आहे आणि काही दवाखाने तो जपतातही, पण मुलाच्या दृष्टीने ती एक अनावश्यक टोचणी असते.

प्रतिजैविकांच्या बाबतीतही हा प्रश्न रोज नव्याने विचारावा लागतो. ताप उतरला, मूल खाऊपिऊ लागले, उलट्या थांबल्या की अनेक संसर्गांत तोंडाने औषध पुरते. हाडांच्या तीव्र संसर्गात पूर्वी कित्येक आठवडे शिरेतून औषध देण्याचा आग्रह असे आणि त्यासाठी मुलांना पिक लाइन लावून घरी पाठवले जाई. अमेरिकेतल्या 36 बालरुग्णालयांतल्या दोन हजारांहून अधिक मुलांचा यावरचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. घरी गेल्यावर तोंडाने औषध घेणाऱ्या मुलांत उपचार फसण्याचे प्रमाण सुमारे 5 टक्के निघाले, पिक लाइनमधून घेणाऱ्यांत सुमारे 6 टक्के, म्हणजे व्यवहारात सारखेच. पिक लाइन असलेल्या मुलांपैकी सुमारे 15 टक्क्यांना मात्र केवळ त्या नळीच्या तक्रारीसाठी पुन्हा रुग्णालय गाठावे लागले. उत्तम दर्जाची नळी नेमक्या जागी बसवली तरी ती गरजेची नसेल तर निवड चुकलेलीच असते.

काय द्यायचे आहे

शरीराच्या टोकाकडच्या शिरांत रक्ताचा ओघ थोडा असतो. तिथे सोडलेले औषध पटकन पातळ होत नाही, शिरेच्या अस्तराला चटका देते आणि नळी शिरेबाहेर सरकली तर आजूबाजूच्या मांसाला इजा करते. हृदयाजवळच्या महाशिरेत रक्ताचा प्रवाह मोठा असल्याने तेच औषध क्षणात पातळ होते. म्हणून हातापायाच्या शिरेतून कोणते द्रव चालतील याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत.

नेहमीची सलाईन, रिंगर लॅक्टेट, 5 किंवा 10 टक्के ग्लुकोज, रक्त आणि बहुतेक प्रतिजैविके हातावरच्या कॅन्युलातून चालतात. ग्लुकोजची वरची मर्यादा साधारण 12.5 टक्के मानतात आणि मिश्रणाची तीव्रता लिटरला 900 मिलिऑस्मोलच्या पुढे असेल तर सेंट्रल लाइन निवडतात. नळीवाटे संपूर्ण पोषण देताना ही मर्यादा सहज ओलांडली जाते. 25 टक्के ग्लुकोजचे अँप्युल आपल्याकडे सर्वत्र मिळते, पण बाळाच्या बारीक शिरेत ते तसेच देणे धोक्याचे. एका भागात दीड भाग पाणी मिसळून ते 10 टक्क्यांवर आणता येते. पोटॅशियम हातापायाच्या शिरेतून देताना त्याचे प्रमाण लिटरला 40 मिलिइक्विव्हॅलंटच्या आत ठेवण्याची रीत आहे.

काही औषधांची नावे नळी निवडताना डोळ्यांपुढे असावीतच. व्हिन्क्रिस्टिन आणि डॉक्सोरुबिसिन ही कर्करोगावरची औषधे शिरेबाहेर गेली तर त्वचा आणि मांस जळते. कॅल्शियम ग्लुकोनेट नवजात बाळाच्या हातापायावर खोल जखम करू शकते. फेनिटॉइन अतिशय अल्कधर्मी असते. ते फक्त साध्या सलाईनमध्येच मिसळायचे असते, ग्लुकोजमध्ये त्याचे कण बनतात, आणि हाताच्या मागच्या बारीक शिरेत दिल्यास सबंध पंजा जांभळा होऊन सुजू शकतो. असायक्लोव्हिरही अल्कधर्मी, तर व्हॅन्कोमायसिन आम्लधर्मी. दोन्ही औषधे थोडे दिवस, नीट पातळ करून, मोठ्या शिरेतून देता येतात. लांबल्यास शीर सुजते.

रक्तदाब टिकवणाऱ्या ॲड्रिनलिनसारख्या औषधांना सेंट्रल लाइन हवी, हा नियम बरोबरच आहे. पण सेंट्रल लाइन होईपर्यंत औषध रोखून धरणे हा त्या नियमाचा चुकीचा अर्थ झाला. शॉकमधल्या मुलाला ते पातळ करून, हाताच्या चांगल्या शिरेतून, कॅन्युलावर सतत नजर ठेवून सुरू करण्याची मुभा 2020 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी दिलेली आहे. मेंदूची सूज उतरवण्यासाठी 3 टक्के सलाईन तातडीने लागते तेव्हाही असेच. त्याची तीव्रता हजार मिलिऑस्मोलच्या पुढे असली तरी जीव वाचवण्याच्या घाईत हातावरची शीर चालते.

किती दिवस

'मिनीमॅजिक' या नावाने ओळखली जाणारी शिफारशींची संहिता 2020 मध्ये प्रसिद्ध झाली. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळापासून किशोरवयापर्यंतच्या मुलांसाठी कोणती नळी केव्हा योग्य, हे तज्ज्ञांच्या गटाने एकेक प्रसंग तपासून तिच्यात मांडले आहे. प्रौढांसाठी असेच काम 2015 मध्ये झाले होते. तिचा गाभा सोपा आहे. हातापायाच्या शिरेला सोसणारे औषध आठवड्याच्या आत संपणार असेल तर साधी कॅन्युला पुरे. ते त्यापुढे, दोन आठवड्यांपर्यंत जाणार असेल तर मिडलाइनचा विचार करावा. त्याहून लांबणार असेल, किंवा औषधच महाशिरेतून देण्याचे असेल, तर पिक लाइन. महिनोन्‌महिने चालणाऱ्या उपचारांसाठी त्वचेखालून नेलेली नळी किंवा पोर्ट.

मिडलाइन दंडातून आत जाते आणि तिचे टोक काखेच्या पातळीला, खांद्याच्या अलीकडेच थांबते. ती महाशिरेत पोचत नाही, म्हणून तिच्यातून तीव्र द्रव देता येत नाहीत, हे विसरले जाण्याची भीती असते. ती लांब असल्याने पिक लाइनसारखी दिसते आणि पाळी बदलल्यावर एखाद्या परिचारिकेने तिच्यातून पोषणद्रव सुरू केले तर इजा काखेत, खोलवर, उशिरा लक्षात येणारी होते. ड्रेसिंगवर ठळक अक्षरांत 'मिडलाइन' असे लिहून ठेवणे हा निवडीचाच भाग मानावा.

छोट्या गावातल्या रुग्णालयात मिडलाइन किंवा पिक लाइन बसवणारे कोणी नसते. तिथे सहा ते पंधरा सेंटिमीटर लांबीची कॅन्युला, सोनोग्राफीच्या मदतीने कोपराच्या वरच्या शिरेत बसवली तर आठवड्याभराचे काम ती चांगले निभावते. औषध मात्र सेंट्रल लाइनचेच असेल तर मुलाला वेळेत पुढे पाठवणे हाच योग्य निर्णय. पाठवताना दोन चालू कॅन्युला पक्क्या बांधून द्याव्यात. रुग्णवाहिकेत एक निसटली तर दुसरी असते.

कॅन्युलाचा गेज आणि लांबी

कॅन्युलाचा आकार गेजमध्ये मोजतात आणि आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक. रंग ठरलेले आहेत: जांभळी 26, पिवळी 24, निळी 22, गुलाबी 20, हिरवी 18. कमी दिवसांच्या बाळाला 26 किंवा 24, तान्ह्या बाळाला 24, खेळत्या मुलाला 24 किंवा 22, शाळकरी मुलाला 22 आणि किशोरवयीनांना 22 किंवा 20 ही साधारण पद्धत आहे. 26 गेजची नळी लवकर मुडपते आणि तुंबतेही. शीर 24 घेऊ शकत असेल तर 26 वापरण्यात फायदा नाही.

याउलट 'जाड नळी बरी' हा आग्रहही तपासून घ्यावा. पिवळ्या कॅन्युलातून मिनिटाला साधारण 20 मिलिलिटर, निळीतून 35 च्या आसपास आणि गुलाबीतून सुमारे 60 मिलिलिटर द्रव वाहू शकतो. आकडे कंपनीनुसार थोडे बदलतात. आता दहा किलो वजनाचे, एक वर्षावरचे, जुलाबाने गळून गेलेले मूल घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार त्याला पहिल्या अर्ध्या तासात किलोमागे 30 मिलिलिटर, म्हणजे 300 मिलिलिटर रिंगर लॅक्टेट द्यायचे असते. हे मिनिटाला 10 मिलिलिटर झाले. पिवळी कॅन्युला याला पुरून उरते. जाड निळी कॅन्युला बसवण्याच्या नादात तीन शिरा फोडण्यापेक्षा पिवळी पहिल्या प्रयत्नात बसवून द्रव सुरू करणे त्या मुलाच्या जास्त हिताचे. जंतुसंसर्गाच्या शॉकमध्ये त्याच मुलाला 200 मिलिलिटर दहा मिनिटांत द्यायची वेळ आली तर मिनिटाला 20 मिलिलिटर लागतील आणि पिवळी तिच्या मर्यादेवर पोचेल. तिथे निळी, किंवा दोन पिवळ्या, आणि सिरिंजने द्रव ढकलण्याची तयारी हवी. रक्त देण्यासाठी जाड नळीच लागते हा समजही बाळांच्या बाबतीत खरा नाही. नेहमीच्या संथ गतीने रक्त 24 गेजमधून देता येते. सीटी स्कॅनसाठी यंत्राच्या दाबाने औषध सोडायचे असेल तर कोणत्या गेजची आणि कुठल्या जागची कॅन्युला चालेल हे क्ष-किरण विभागाला आधी विचारून घ्यावे, म्हणजे स्कॅनच्या टेबलावर मुलाला पुन्हा टोचावे लागत नाही.

नळी जितकी लांब आणि बारीक तितका प्रवाह कमी. त्यामुळे बाळाची पिक लाइन महाशिरेत पोचलेली असली तरी शॉकमध्ये झटपट द्रव देण्यासाठी ती निरुपयोगी असते. त्या वेळी हातावर वेगळी कॅन्युला लावावी लागते.

लांबीकडे गेजइतके लक्ष दिले जात नाही आणि कॅन्युला लवकर निकामी होण्यामागचे हे एक मोठे कारण आहे. निरनिराळ्या देशांतले अभ्यास पाहिले तर मुलांच्या साधारण तीनपैकी एक कॅन्युला उपचार संपण्याआधीच बाद होते. पिवळी कॅन्युला सुमारे 19 मिलिमीटर लांब असते. गुटगुटीत बाळाची शीर त्वचेखाली 5 मिलिमीटर खोल असेल आणि सुई 45 अंशांत घातली तर शिरेपर्यंत पोचण्यातच 7 मिलिमीटर खर्ची पडतात, 12 मिलिमीटर शिरेत राहतात. हे चालण्याजोगे आहे. शीर 10 मिलिमीटर खोल असेल तर 14 मिलिमीटर वाटेतच जातात आणि शिरेत उरतात जेमतेम 5. रक्त येते, सलाईन सुरू होते, सगळ्यांना हायसे वाटते आणि बाळाने एकदा हात झाडला की नळी शिरेबाहेर येते. नळीची किमान अर्धी लांबी शिरेत राहील असे पाहावे. सोनोग्राफीने खोल शीर शोधली असेल तर कॅन्युलाही लांबच घ्यावी.

जागा

लावायला सोपी जागा हाताची मागची बाजू, टिकायला चांगली जागा मनगट आणि कोपर यांच्या मधला भाग. तिथे सांधा नसतो, हाडांचाच आधार मिळतो आणि मुलाचा पंजा मोकळा राहतो. कोपराच्या आतली मोठी शीर दिसते आणि हाताला लागतेही, म्हणून मोह होतो, पण हात वाकला की नळी मुडपते. शिवाय पुढे पिक लाइनसाठी हीच शीर लागते. आणीबाणी सोडता ती राखून ठेवावी.

चालू न लागलेल्या बाळाला घोट्याच्या आतल्या हाडापुढची शीर चांगली असते. उभे राहणाऱ्या, चालणाऱ्या मुलाच्या पायाला शक्यतो हात लावू नये. तान्ह्या बाळाच्या डोक्यावरच्या शिरा उपयोगी पडतात. तिथे टोचण्यापूर्वी बोटाने ठोका जाणवतो का हे पाहणे आवश्यक, कारण शेजारीच धमन्या असतात. केस वस्तऱ्याने काढू नयेत, कात्रीने कापावेत. डोक्यावर सुई पाहून आईवडील हादरतात. ती मेंदूत नसून त्वचेखालच्या शिरेत आहे, हे टोचण्यापूर्वी सांगायला दोन मिनिटे लागतात.

बाळ कोणता अंगठा चोखते आणि मूल कोणत्या हाताने जेवते, लिहिते, हे आईला विचारून दुसरा हात निवडावा. मागच्या वेळी कुठली शीर सापडली होती आणि कुठे हात सुजला होता, हेही आईच्याच लक्षात असते.

शीर अवघड असेल तेव्हा

अवघडपणाचा अंदाज आधी बांधता येतो. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेली 'दिवा' ही गुणपद्धती त्यासाठी सोयीची आहे. पट्टा बांधल्यावर शीर दिसत नसेल तर 2 गुण, बोटाला लागत नसेल तर 2, वय एक वर्षाखाली असेल तर 3, एक ते तीनच्या दरम्यान असेल तर 1, आणि बाळ कमी दिवसांचे जन्मलेले असेल तर 3. बेरीज 4 किंवा त्याहून जास्त आली तर पहिला प्रयत्न फसण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. अशा मुलाला शिकाऊ हातांनी टोचू नये. विभागातल्या सर्वांत अनुभवी व्यक्तीला आणि सोनोग्राफीला सुरुवातीलाच बोलवावे. एका व्यक्तीने दोनपेक्षा जास्त प्रयत्न करू नयेत आणि सगळ्यांचे मिळून चार झाले की थांबून नळीचा प्रकारच बदलावा. हा नियम भिंतीवर लावलेला असतो, पण पाळला जातो तो वरिष्ठ डॉक्टरांनी 'मला रात्रीही उठवा' असे खरोखर सांगितलेले असेल तिथेच.

वेदना कमी करण्याची साधनेही योजनेत धरावीत. लिडोकेन आणि प्रिलोकेन यांचे सुन्न करणारे मलम टोचण्याच्या तासभर आधी लावून वर पारदर्शक पट्टी चिकटवायची असते. म्हणजे ते ठरलेल्या वेळी लावायच्या कॅन्युलासाठी आहे, घाईच्या वेळी नाही. अगदी लहान बाळांत त्याचे प्रमाण जपावे लागते. तान्ह्या बाळाला अंगावर पाजत असताना किंवा साखरेचे पाणी चाटवून टोचले तर ते कमी रडते. मोठ्या मुलाला चौघांनी दाबून धरण्यापेक्षा आईच्या मांडीवर बसवून टोचणे बहुधा जमते.

जीव धोक्यात असेल आणि शीर सापडत नसेल तर वेळ न दवडता हाडातली सुई वापरावी. गुडघ्याखालच्या नडगीच्या उंचवट्याच्या किंचित खाली, आतल्या सपाट बाजूला ती बसवतात. हाडाच्या मगजातून द्रव, रक्त आणि औषधे शिरेइतक्याच वेगाने पोचतात. 24 तासांच्या आत दुसरी वाट करून ती काढायची असते. ती वापरण्यात कमीपणा मानून अर्धा तास शीर शोधत बसल्याने मुले दगावतात. मात्र पाय मोडलेला असेल तर त्या हाडात ती घालू नये.

फुलपाखरी सुई म्हणजे स्कॅल्प व्हेन सेट हा रक्त घेण्यासाठी किंवा एखादे इंजेक्शन देण्यासाठी आहे. ती पोलादी सुई हाताला बांधून रात्रभर सलाईन चालवणे म्हणजे शीर फुटण्याची वाट पाहणे.

पिक लाइन आणि सेंट्रल लाइन

या नळ्यांची जाडी फ्रेंच या मापात सांगतात. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. त्यावरून एक उपयोगी हिशेब निघतो. नळीने शिरेचा 45 टक्क्यांहून अधिक व्यास अडवू नये आणि मुलांत एक तृतीयांशाच्या आत राहिल्यास आणखी बरे. शिरेतली उरलेली जागा रक्ताला वाहण्यासाठी लागते. ती नसेल तर रक्त साकळते, हात सुजतो आणि ती शीर कायमची बंद होऊ शकते. 3 फ्रेंचची नळी 1 मिलिमीटर जाड असते, तेव्हा तिला किमान सव्वादोन मिलिमीटरची, खरे तर 3 मिलिमीटरची शीर हवी. सोनोग्राफीत शीर 2 मिलिमीटर दिसत असेल तर 3 फ्रेंचची पिक लाइन तिथे बसवू नये, दुसरी शीर शोधावी किंवा बारीक नळी घ्यावी. हे माप पट्टा सोडून घ्यायचे असते. बांधलेल्या हातातली शीर फुगलेली असते.

नळीत आतल्या वाटा किती असाव्यात, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा 'एक' असेच आहे. प्रत्येक जादा वाट नळीची जाडी वाढवते आणि जंतूंना आणखी एक दार देते. एकमेकांत न मिसळणारी औषधे एकाच वेळी चालू ठेवायची असतील तेव्हाच दोन किंवा तीन वाटांची नळी समर्थनीय ठरते. सेफ्ट्रिॲक्झोन आणि कॅल्शियम यांचे एकत्र खडे बनतात. नवजात बाळाला तर कॅल्शियम चालू असताना सेफ्ट्रिॲक्झोन द्यायचेच नसते, मग वाटा कितीही असोत.

टोक कुठे आहे हे क्ष-किरणात पाहिल्याशिवाय नळी वापरू नये. वरून घातलेल्या नळीचे टोक महाशीर आणि हृदयाचा उजवा कप्पा यांच्या संगमाजवळ असावे. नवजात बाळात ते कप्प्यात शिरले तर हृदयाभोवती द्रव साठून जीव जाऊ शकतो, म्हणून तिथे ते संगमाच्या किंचित बाहेरच ठेवतात.

मानेतली साधी सेंट्रल लाइन ही अतिदक्षता विभागातल्या काही दिवसांसाठी असते. मुलाला वॉर्डात हलवताना ती तशीच सोबत जाते आणि 'असू दे, रक्त काढायला बरी' म्हणून राहते. ही सवय मोडली पाहिजे, कारण प्रत्येक जादा दिवशी रक्तात जंतू शिरण्याचा धोका चालूच राहतो. कर्करोगाच्या दीर्घ उपचारात हिकमन नळी किंवा पोर्ट यांपैकी एक निवडतात. त्वचेखालून नेलेल्या नळीची ही पद्धत 1973 मध्ये अमेरिकेत ब्रोव्हिॲक यांनी आणली आणि 1979 मध्ये बालमूत्रपिंडतज्ज्ञ हिकमन यांनी जाड नळी वापरून ती सुधारली. हिकमनचे टोक छातीबाहेर लोंबते, तिची रोज काळजी घ्यावी लागते, पण तिच्यातून औषध देताना टोचावे लागत नाही. पोर्ट पूर्ण त्वचेखाली असतो. मूल अंघोळ करू शकते, खेळू शकते, मात्र वापरताना दर वेळी खास सुई टोचावी लागते. गाव दूर असेल, घरी ड्रेसिंगची सोय नसेल आणि औषध मधून मधून द्यायचे असेल तर पोर्ट बरा. मूळपेशी प्रत्यारोपणासारख्या, रोज अनेक औषधे लागणाऱ्या उपचारात हिकमन.

काही मुलांची वेगळी गणिते

मूत्रपिंडाचा जुनाट आजार असलेल्या मुलाला पुढे डायलिसिससाठी हाताच्या शिरेची गरज पडणार असते. त्याला पिक लाइन लावू नये, गळपट्टीच्या हाडाखालच्या शिरेलाही हात लावू नये. कॅन्युला शक्यतो पंजाच्या मागच्या बाजूस लावावी. दीर्घ उपचारासाठी मानेतल्या शिरेतून त्वचेखाली नेलेली बारीक नळी हा त्याच्यासाठी योग्य मार्ग.

एकच कार्यक्षम कप्पा असलेल्या जन्मजात हृदयरोगात पुढच्या शस्त्रक्रियेसाठी वरची महाशीर मोकळी असणे गरजेचे असते. मानेतली नळी तुंबून ती बंद झाली तर शस्त्रक्रियाच अशक्य होऊ शकते. अशा मुलांसाठी कोणतीही सेंट्रल लाइन हृदयशल्यचिकित्सकांच्या सल्ल्याशिवाय घालू नये. निळसर पडणाऱ्या मुलांच्या कोणत्याही नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, कारण तो फुप्फुसात न अडकता थेट मेंदूकडे जाऊ शकतो.

पूर्व विदर्भ आणि नंदुरबार भागात सिकलसेलची मुले वारंवार दाखल होतात, थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी वर्षानुवर्षे रक्त लागते. या दोन्ही आजारांत हातांच्या शिरा हीच त्यांची आयुष्यभराची पुंजी असते. प्रत्येक वेळी कमीत कमी टोचण्या, रक्ताचे नमुने त्याच कॅन्युलातून लावतानाच घेणे आणि काम झाले की लगेच काढणे एवढे तरी पाळावे. सिकलसेलमध्ये रक्त साकळण्याचा धोका मुळातच जास्त, म्हणून पिक लाइन किंवा पोर्टचा निर्णय विचारपूर्वक घ्यावा.

पावसाळ्यात डेंग्यूच्या शॉकने येणाऱ्या मुलांत प्लेटलेट कमी असतात. गळपट्टीखालच्या शिरेतून रक्तस्राव झाला तर तिथे बाहेरून दाब देता येत नाही. म्हणून हातावरच्या दोन चांगल्या कॅन्युलांवर भागवावे. सेंट्रल लाइन टाळणे अशक्य असेल तर दाबता येईल अशा जागी, सोनोग्राफीखाली आणि अनुभवी हातानेच घालावी.

कमी वजनाच्या नवजात बाळाला पहिल्या दिवसांत नाळेच्या शिरेतली नळी वरदान ठरते. तिचे टोक पोटपडद्याच्या पातळीला असल्याची क्ष-किरणात खात्री करावी. ते यकृतात राहिले तर तीव्र द्रवाने यकृताला इजा होते. ही नळी जास्तीत जास्त दोन आठवडे ठेवता येते, अनेक विभाग एका आठवड्यातच काढतात. पोषण त्यापुढे चालणार असेल तर ती काढण्यापूर्वीच एक ते दोन फ्रेंचची बारीक पिक लाइन बसवलेली असावी. इतक्या बारीक नळीतून रक्त देऊ किंवा घेऊ नये, ती तुंबते.

लावल्यानंतर

नळी पारदर्शक पट्टीने चिकटवावी, म्हणजे टोचलेली जागा दिसत राहते. सबंध हात कापडी पट्टीत गुंडाळला की सूज आत लपते. द्रव चालू असताना तासातासाला जागा पाहावी, हात लावावा आणि दुसऱ्या हाताशी ताडून बघावी: सूज, थंडपणा, लाली, पांढरेपणा, दाबल्यावर रडणे. पंप व्यवस्थित चालू आहे याचा अर्थ सलाईन शिरेतच जात आहे असा नसतो. हात सुजलेला दिसला तर द्रव लगेच थांबवावा. औषध दाहक असेल तर नळी ओढून काढण्याआधी तिच्यातूनच जमेल तितके औषध मागे खेचून घ्यावे आणि डॉक्टरांना बोलवावे.

कॅन्युला साध्या सलाईनने साफ ठेवावी. हेपरिनची गरज नसते. पिक लाइनसाठी 10 मिलिलिटरची सिरिंज वापरावी, कारण लहान सिरिंजचा दाब जास्त असतो आणि नळी फुटू शकते. मुलांची कॅन्युला ठरावीक दिवसांनी बदलण्याची आवश्यकता नाही. ती चांगली चालत असेल आणि जागा निरोगी असेल तर राहू द्यावी, बिघडली तर बदलावी. रोजच्या राउंडला मात्र प्रत्येक नळीबद्दल 'आज ती का आहे?' याचे उत्तर कागदावर लिहिलेले असावे. उत्तर नसेल तर नळी त्याच सकाळी काढावी.

काढल्यावर पिक लाइनची आणि सेंट्रल लाइनची लांबी मोजून घातलेल्या लांबीशी ताडून पाहतात, म्हणजे तुकडा आत राहिला नाही याची खात्री होते. मानेतली नळी मुलाला आडवे झोपवूनच काढायची, नाहीतर हवा आत ओढली जाते. वारंवार दाखल होणाऱ्या मुलाच्या डिस्चार्ज कार्डावर कोणत्या शिरेत कोणत्या मापाची नळी होती, किती दिवस टिकली, का काढली आणि सोनोग्राफीत कुठली शीर चांगली दिसली, हे चार ओळींत लिहून द्यावे. पुढच्या वेळी दुसऱ्या रुग्णालयात त्या मुलाचा हात धरणाऱ्याला तेवढे पुरते.